पुढच्या साथीआधी एक फळा लावा

प्रति,
माननीय सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी,
कोकण किनाऱ्यावरच्या सर्व ग्रामपंचायती

विषय : साथीच्या काळात गावात आलेली, पण गावाला न कळलेली माहिती.

सप्रेम नमस्कार.

सरकारी पत्राला विषय लागतो म्हणून वर तो लिहिला. पुढचं पत्र घरच्यासारखं लिहितो, कारण माझ्या गावच्या पंचायतीतले निम्मे लोक मला लहानपणापासून ओळखतात आणि उरलेल्यांची कुत्री ओळखतात. बत्तीस वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाखा डाकघराचा डाकसेवक होतो. लोक पोस्टमन म्हणायचे. खाली कोळीवाडा आणि मोहल्ला, मध्ये चार वाड्या, वर डोंगराच्या अंगाला आणखी दोन, एवढा माझा फेरा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर मी सांगणार ते एका गावापुरतं नाही, आणि दुसरं म्हणजे ज्यांच्या चुका सांगणार आहे त्यांच्याकडे मला अजून चहा मिळतो. ग्रामसेवक हे पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालं असलं तरी पुढे मी सवयीने भाऊसाहेबच लिहिणार, राग नसावा.

कोरोनाचा विषय आता काढायचा कशाला, असं तुमच्यातल्या काहींना वाटेल. आमच्या गावात तर तो विषय निघाला की लोक उठून जातात. पण गेल्या महिन्यात पंचायतीच्या दारातला जुना फळा भंगारात गेला आणि त्याच्या जागी आमदारांच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लागला. तो बघितला आणि लिहायला बसलो.

२२ मार्च २०२० चा रविवार जनता कर्फ्यूचा. त्या बुधवारी, २५ तारखेला, पाडवा होता आणि त्याच दिवसापासून देश बंद झाला. दारात गुढी आणि वाडीच्या तोंडाला आडवा बांबू, असा तो पाडवा. शिमग्याला आलेले चाकरमानी बहुतेक परत गेले होते, थोडे अडकले होते. टपाल अत्यावश्यक सेवेत धरलेलं, त्यामुळे आम्हाला सुट्टी नव्हती. एसटी बंद असल्याने थैली रोज येईलच असं नव्हतं, पण फेरा चुकला नाही. आशाताई आणि मी असे दोघेच वाडीवाडीत फिरायचो. लोक पडवीतून, गडग्याआडून हाका मारायचे. एसटी कधी सुरू होणार? मुंबईचा मुलगा येऊ शकतो का? रेशनवर काय मिळणार? डायलिसिसला जायचं तर पास कोण देतो? त्या दोन महिन्यांत मी पत्रं कमी आणि उत्तरं जास्त वाटली. त्यातली बरीच चुकीची होती, हे मला नंतर कळलं. मी तरी कुठून आणणार? टीव्ही, मोबाइलवरचा ग्रुप आणि तालुक्याच्या पोस्टात कानावर आलेलं, एवढंच माझ्याकडे होतं.

एक उदाहरण नीट सांगतो.

केंद्र सरकारने महिलांच्या जनधन खात्यांत एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने ५०० रुपये टाकायचं ठरवलं. बँकेत झुंबड उडू नये म्हणून एप्रिलचे दिवस खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून वाटून दिले होते. शेवटी ० किंवा १ असेल तर ३ एप्रिल, २ किंवा ३ असेल तर ४ एप्रिल, मग ७, ८ आणि ९ एप्रिलला पुढचे आकडे. ९ तारखेनंतर कधीही काढले तरी चालणार होते. डोकं लावून केलेली व्यवस्था होती. आमच्या बायकांना त्यातलं एवढंच कळलं की ‘पैसे आले’. ३ तारखेला वरच्या वाडीतल्या पंधरावीस जणी चार किलोमीटर उतरून बँकेच्या शाखेवर गेल्या, तिथून पोलिसांनी पिटाळलं, आणि येताना त्यांना कोणीतरी सांगितलं की ९ तारखेच्या आत काढले नाहीत तर सरकार परत घेतं. झालं! दुसऱ्या दिवशी दुप्पट बायका.

त्याच आठवड्यात मी टपाल द्यायला पंचायतीत गेलो. ती आकड्यांची आणि तारखांची यादी भाऊसाहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली होती. छापील, मराठीत, सहा ओळींची. भाऊसाहेबांकडे तेव्हा तीन गावं होती आणि ते जंतुनाशकाच्या फवारणीच्या मागे धावत होते, त्यामुळे दोष देत नाही. पण तो कागद टेबलावरून उचलून दाराला चिकटवायला डिंकाचं एक बोट पुरलं असतं.

पोस्टाने आम्हाला बोटाचा ठसा घेऊन पैसे द्यायचं यंत्र दिलं होतं. त्यामुळे मी घरोघर पैसे देऊ लागलो. वरच्या वाडीत एक आजी आहेत, जन्मभर काजू फोडण्यात गेला. काजूच्या टरफलातलं तेल कातडी खातं, अंगठ्यावर रेघ उरत नाही. यंत्र त्यांचा अंगठा घेईना. ओल्या फडक्याने पुसला, मग त्यांच्या पदराने कोरडा केला, मग दुसरा हात. शेवटी डाव्या हाताच्या अनामिकेवर दिवा हिरवा झाला. पाचशेची नोट दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, कपाळाला लावली आणि म्हणाल्या, “बघा, कामधंदा बंद असून पोरानं आठवणीनं धाडले.” मुलगा मुंबईला हॉटेलात होता, हॉटेल बंद. ते पैसे सरकारचे आहेत हे मी सांगितलं, आणि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. पुढच्या वाडीपर्यंत तेच डोक्यात होतं. ज्यांच्यासाठी मदत, त्यांनाच ती कशाची आणि कोणाची हे माहीत नाही.

रेशनचीही तीच गत. अन्नसुरक्षेच्या कार्डावर नेहमीचं धान्य विकत आणि शिवाय माणशी ५ किलो तांदूळ फुकट. केशरी कार्डाला मे आणि जूनमध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी. हे इतकं सोपं आहे की मी आत्ता दोन वाक्यांत लिहिलं. तेव्हा दुकानासमोर यावरून भांडणं झाली, दुकानदाराला लोकांनी चोर ठरवलं. तो चोर होता की नव्हता ते मला माहीत नाही, पण भाव लिहिलेला कागद समोर असता तर निदान तेवढं तरी कळलं असतं.

आता अवघड विषयाकडे येतो. चाकरमान्यांचा.

२०२० साली गणपती २२ ऑगस्टला होते. सरकारने सांगितलं की १२ ऑगस्टपर्यंत गावी पोहोचा, १० दिवस घरात वेगळे राहा, म्हणजे चतुर्थीला मोकळे व्हाल. नंतर निघाल तर चाचणी करून निघा. एसटीने येणाऱ्याला ई-पास नको. हिशेब सरळ होता. पण आमच्या एका वाडीने बैठक घेऊन आपला वेगळा नियम केला : १४ दिवस, आणि ७ तारखेनंतर येणाऱ्याला वाडीत पाऊल नाही. खालच्या वाडीत तिसराच नियम. म्हणजे एका महसुली गावात एकाच आजाराचे तीन कायदे, आणि एकाही कायद्याखाली सही नाही.

११ ऑगस्टला पहाटे एक कुटुंब उतरलं. नवरा, बायको, आठ-नऊ वर्षांची मुलगी. कशेडी घाटातल्या तपासणीच्या रांगेत रात्र काढून आलेले. हातात मखराच्या सामानाची पिशवी. सरकारच्या नियमात ते एक दिवस आधी आलेले होते आणि वाडीच्या नियमात चार दिवस उशिरा. पाखाडीच्या खालच्या पायरीवर ते उभे आणि वरच्या पायरीवर त्यांचेच चुलतभाऊ. सरपंचांना फोन गेला. ग्राम कृती दलाचे अध्यक्ष तेच होते. ते म्हणाले, “वाडीनं ठरवलंय, मी काय बोलू?” शाळेच्या दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या. शेवटी ते तिघे कलमांच्या बागेतल्या राखणीच्या खोपीत दहा दिवस राहिले. ऑगस्टातला पाऊस, खोपीला एका बाजूने भिंत नाही. मी रोज जाताना तिथे पेपर टाकायचो. मुलगी विचारायची, “काका, आज कितवा दिवस?” माझ्याकडून तिने खडू मागून घेतला होता आणि खांबावर रेघा मारत होती. दोन वर्षं ते कुटुंब गणपतीला आलं नाही. मूर्ती चुलतभावाने आणली, पूजा केली, पण नैवेद्याच्या पानाला कोणाचा हात लागत नव्हता असं त्याची बायको सांगते.

वाडीवर मी तोंडसुख घेणार नाही. भीती खरी होती. मुंबईत काय चाललंय ते लोक रोज ऐकत होते, आणि इथे घराघरात सत्तरी ओलांडलेले दोघेच. सुरुवातीला जिल्ह्यातले स्वॅब मिरजेला जात, अहवाल यायला दिवस लागत. श्वास लागला तर गाडी शोधण्यापासून तयारी. लोकांनी बांबू टाकला त्यामागे हे सगळं होतं. प्लेगात आमच्या पणज्यांनी गाव सोडून रानात खोपटी बांधली, ती गोष्ट अजून सांगतात. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगावरूनच पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला आणि २०२० सालीही तोच कामाला आला. त्या कायद्याखाली आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्ह्याचे आदेश निघत होते ते जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने. वाडीच्या बैठकीला तो अधिकार नव्हता. सरपंचांनी त्या पहाटे मूळ आदेशाचा एक कागद पाखाडीच्या तोंडाला लावला असता, तर वाडी चिडली असती, सरपंचांना दोन शिव्या मिळाल्या असत्या, पण चुलतभावांना एकमेकांशी भांडावं लागलं नसतं. भांडण कागदाशी झालं असतं. कागदाला काय, तो सहन करतो.

मोबाइलवर सगळं येतं की, असं आमचे उपसरपंच म्हणतात. तरुण आहेत, चांगले आहेत, ग्रुप त्यांनीच काढला. त्यांना ३ जून २०२० ची आठवण करून देतो. त्या दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धनकडून किनाऱ्यावर चढलं. दापोली, मंडणगड, हर्णै, आंजर्ले, केळशी, सगळा पट्टा झोपला. नारळी-पोफळीच्या बागा जमिनीला लागल्या, विजेचे खांब काडीसारखे मोडले. काही वाड्यांत महिना-महिना वीज नव्हती. टॉवर बंद. आरोग्य सेतू, ग्रुप, जिल्ह्याची हेल्पलाइन, सगळं त्या बंद मोबाइलमध्ये गेलं. एकाने जनरेटर लावला, लोक रांगेत उभे राहून पैसे देऊन फोन चार्ज करत होते आणि चार्ज झालेला फोन घेऊन रेंज शोधायला डोंगरावर जात होते. अंतर ठेवा, गर्दी करू नका, हे त्या रांगेला कोण सांगणार? त्याच दिवसांत पंचनामे चालू होते. तलाठी कोणत्या वाडीत कधी येणार हे कळायला मार्ग नाही, म्हणून लोक कामधंदा सोडून पडलेल्या घरासमोर बसून राहायचे. आमच्या मोहल्ल्यात मशिदीला बॅटरीवरचा भोंगा होता. जमातीच्या लोकांनी पंचनाम्याचा निरोप भोंग्यावरून दिला, तो खाली कोळीवाड्यापर्यंत ऐकू गेला. गुरवाने वरच्या दोन वाड्यांसाठी देवळाची घंटा वाजवून माणसं जमवली. त्या पंधरा दिवसांत गावात बातमी पोहोचली ती एवढ्यानेच.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, जुलैच्या २२ तारखेला चिपळूण बुडालं. कोकणात साथ एकटी येत नाही, तिच्यासोबत पाऊस असतो, वारा असतो, दरड असते. ज्या माहितीला चार्जर लागतो तिच्यावर विसंबून आमचं भागत नाही.

ग्रुपचा दुसरा अनुभव माझ्याच घरचा आहे. तो लिहावा की नाही यावर दोन दिवस घालवले. बायकोला विचारलं. ती म्हणाली, लिहा.

मे २०२१. दुसरी लाट. त्या महिन्याच्या शेवटी सरकारने अठरा जिल्ह्यांत घरी विलगीकरण बंद केलं, त्यात रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिन्ही होते. पॉझिटिव्ह आलं की केंद्रात जायचं. तेव्हाच बायकोला ताप आला, स्वॅब दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो होतो आणि माझ्या फोनवर एक यादी आली. नाव, वय, वाडी, फोन नंबर. सातवं नाव तिचं. आम्हाला दवाखान्यातून फोन आला तो त्यानंतर तीन तासांनी. म्हणजे जिचा आजार, तिच्या आधी सगळ्या गावाला माहीत. बत्तीस वर्षं मी लोकांची पाकिटं न उघडता पोहोचवली. नोकरी लागली, घटस्फोटाची नोटीस आली, मनीऑर्डर आली नाही, सगळं माझ्या हातून गेलं आणि कधी तोंडातून गेलं नाही. माझ्या घरचं पाकीट मात्र गावाने आधी उघडलं.

संध्याकाळी दूधवाल्याने चरवी फाटकाबाहेरच ठेवली. दुसऱ्या दिवशी ठेवली नाही. विहिरीवर शेजारीण म्हणाली, तुम्ही पाणी जरा नंतर भरा. अकराव्या दिवशी बायको केंद्रातून परत आली तेव्हा बरी होती. आज तिला त्या तापाचं काही आठवत नाही. ‘सातवं नाव’ आठवतं. ती यादी कोणाच्या फोनवरून सुटली हे मला माहीत आहे. सांगणार नाही. त्याने वाईट हेतूने पाठवली नव्हती, ‘लोकांनी काळजी घ्यावी’ म्हणून पाठवली होती. परिणाम एवढा झाला की पुढच्या पंधरवड्यात गावात कोणाला ताप येईनासा झाला. दुकानातल्या तापाच्या गोळ्या संपल्या, पण ताप कोणालाच नव्हता! त्यातले दोघे फार उशिरा दवाखान्यात गेले. एक परत आला.

म्हणून माहिती द्या असं मी म्हणतो तेव्हा कोणती देऊ नये हेही तुम्हीच ठरवून लिहून ठेवायला हवं. नाव नको, फोन नंबर नको. वाडीवार आकडासुद्धा नको. दहा घरांच्या वाडीत ‘एक रुग्ण’ लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच असतं. गावाचा एकूण आकडा पुरे.

उलट, कोणती द्यावी हे मला एका आशाताईने शिकवलं. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्यांना लस सुरू झाली, नोंदणी कोविनवर. इथे रेंजसाठी आंब्याच्या झाडाखाली विशिष्ट दगडावर उभं राहावं लागतं. आमच्या केंद्रावरच्या लसीच्या जागा पुण्या-मुंबईचे लोक घरबसल्या धरायचे, गाडीने यायचे, टोचून घेऊन समुद्रावर फोटो काढून जायचे. कायद्याने त्यांची चूक नव्हती. मग १३ मे रोजी कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. ते कळलं नाही म्हणून एक आजोबा सहा आठवडे मोजून, धोतर धुऊन, पाच किलोमीटर चालत आले आणि परत गेले.

त्यानंतर त्या ताईंनी उपकेंद्राच्या भिंतीवर रोज संध्याकाळी सहा वाजता खडूने लिहायला सुरुवात केली. उद्या किती डोस. कोणती लस. पहिला की दुसरा. कितीला या. आणि लस नसेल त्या दिवशीही त्या लिहायच्या : ‘उद्या लस नाही. येऊ नका.’ हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. सरकारी फळ्यावर ‘आहे’ लिहायला सगळे तयार असतात, ‘नाही’ लिहायला कोणी येत नाही. त्यामुळे माणूस खेप मारतो. ताईंच्या भिंतीमुळे दोन वाड्यांच्या खेपा वाचल्या. पावसात खडू पुसला जायचा, तर वर त्यांनी प्लॅस्टिकचा कागद बांधला. जूनमध्ये राज्यभरच्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या तेव्हा आठवडाभर भिंत कोरी राहिली आणि लोक पुन्हा मला विचारायला लागले. ताईंना या कामाचा एक रुपयाही वेगळा मिळाला नाही.

याच्या उलट ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’. १५ सप्टेंबर २०२० पासून पथकं घरोघर आली, ताप मोजला, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघितला, कोणाला साखर, कोणाला दमा, सगळं लिहून नेलं. मेहनत झाली, नाही म्हणणार नाही. पण ते सगळं वर गेलं. गावात साखरेचे किती, दम्याचे किती, एकटे राहणारे म्हातारे किती, हे पंचायतीला विचारा. कोणाकडे नाही. टपालात आम्ही जाणारी थैली आणि येणारी थैली दोन्ही मोजतो. इथे जाणारीच भरली.

आणि एक गोष्ट, जी साथ ओसरल्यावर घडली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ च्या शेवटी कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये मिळू लागले. अर्ज ऑनलाइन. चाचणीनंतर ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तोही धरायचा, आणि दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही एवढ्या कारणावरून अर्ज नाकारायचा नाही, असं न्यायालयाने सांगितलेलं. जुन्या मृत्यूंसाठी मुदत मे २०२२ पर्यंत होती. आमच्या गावातली एक बाई, नवरा मे २०२१ मध्ये तालुक्याच्या दवाखान्यात कोरोनाने वारला. ती मृत्यूचा दाखला घेऊन पंचायतीत आली होती, घर नवऱ्याच्या नावावरून आपल्या नावावर करायला. नमुना ८ ला नाव बदललं, घरपट्टी भरून घेतली, पावती दिली. काम चोख झालं. त्या टेबलाशी ती अर्धा तास बसली होती आणि कोणीही तिला त्या ५० हजारांबद्दल बोललं नाही. तिला कळलं ते पुढच्या पावसाळ्यात, माहेरी. मुदत गेलेली. मग जिल्ह्याच्या तक्रार समितीकडे अर्ज, खेपा, झेरॉक्स. पैसे मिळाले, पण गाडीभाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत त्यातले किती गेले ते तिने मला सांगितलं नाही. आई-बाप दोन्ही गेलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाखांची ठेव ठेवली होती, तेही किती पंचायतींनी आपणहून शोधून सांगितलं असेल?

तर माझं मागणं लहान आहे आणि खर्च त्याहून लहान.

प्रत्येक वाडीत एक फळा. रेशनच्या दुकानापाशी किंवा एसटीच्या थांब्यावर, जिथे माणूस तसाही उभा राहतो तिथे. पंचायतीच्या व्हरांड्यात नको, तिथे वर्षातून एकदा घरपट्टीला येणं होतं. साथ, वादळ, पूर, काहीही असो, त्यावर रोज ठरलेल्या वेळी लिहायचं. तारीख, आदेश कोणाचा, काय सुरू, काय बंद, कोणती मदत आली आहे आणि तिला कोणता कागद लागतो. खाली लिहिणाऱ्याची सही. काल चुकीचं लिहिलं गेलं असेल तर आज ‘कालचं चुकलं’ असं लिहायचं. मी तेव्हा असं केलं असतं तर माझ्या तोंडून गेलेल्या चार-पाच अफवा तरी थांबल्या असत्या. वाचता न येणाऱ्यांसाठी घंटा आणि भोंगा आहेतच, पण काय सांगायचं ते आधी त्या फळ्यावर असावं, म्हणजे तोंडातोंडी बदलणार नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम ४ आहे, त्यात कोणी न मागता कार्यालयाने स्वतःहून माहिती द्यायची असं २००५ पासून लिहिलेलं आहे. मी नवीन काही मागत नाही.

याखेरीज, २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या गावात काय झालं हे ग्रामसभेत बसून लिहून काढा. कोण कुठे राहिलं, शाळेत किती माणसं मावली, गाडी कोणाची मिळाली, ऑक्सिजन कुठून आणला, काय कमी पडलं. आमच्या गावात तेव्हा ग्रामसभाच होत नव्हत्या, त्यामुळे इतिवृत्ताच्या वहीत ती दोन वर्षं जवळजवळ कोरी आहेत. वर्षाला चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्यातली एक यासाठी द्या. खोपीत राहिलेल्या त्या कुटुंबालाही बोलवा. गणपतीच्या सुट्टीत घेतली तर ते येतील. आता परत येऊ लागले आहेत. मुलगी आता माझ्या खांद्याला लागते.

हा विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर यावा म्हणून मी वेगळा अर्जही देतो आहे. लिहायला माणूस मिळत नसेल तर सकाळचा फेरा मी करीन. निवृत्त झालो तरी पाय तेच आहेत आणि सहाही वाड्यांच्या पाखाड्या पाठ आहेत. मानधन नको, खडू तेवढा पंचायतीने द्यावा.

आपला,
एक निवृत्त डाकसेवक

ता. क. : फळा लावताना त्याचं तोंड पश्चिमेला करू नका. पाऊस तिकडून येतो. आणि वर एक पत्रा, हातभर पुढे आलेला.